सहावा दात

वडील : म्हणजे एका दातावर घोडं अडलंय ना, मॅडम? मग काढा की एक.

डॉक्टर : धडधाकट दात उपटू? बाप असून सांगताय?

वडील : बाप आहे म्हणूनच सांगतोय. हिला जन्मापासून पाच दात नाहीत, आणि त्या औषधाच्या चाचणीत सहा नसलेलीच मुलं घेतात. तो वरचा टोकदार बारका काढून टाका. नाहीतरी कामाचा नाही तो.

डॉक्टर : अहो, दात उगवण्याचं औषध आत्ता कुठे माणसांना द्यायला लागलेत. उगवतीलच असं कोणी लिहून देत नाही. हिचा जबडा वाढायचा थांबू दे, मी इम्प्लांट बसवते. आता तोंडाचा स्कॅन करून अगदी हुबेहूब दात बनवता येतात.

वडील : तोवर ही कॉलेजात जाईल! वर्गातल्या पोरी हिला 'बोळकं' म्हणतात. घरात आरशावर टॉवेल टाकून ठेवते. तुमचं बरं आहे, बत्तीसच्या बत्तीस शाबूत!

डॉक्टर : मला कळत नाही का? पण काढून उपयोगच नाही. जन्मतःच नसलेले दात मोजतात ते. काढलेला धरत नाहीत.

मुलगी : काढलेला... खरंच नाही धरत?

डॉक्टर : नाही गं बाळा. आणि तू असं बोबडं का बोलतेयस? तो तोंडावरचा रुमाल काढ बघू. आ कर.

वडील : लाजते हो ती. आल्यापासून तोंड मिटूनच आहे.

डॉक्टर : लाजत नाहीये. इकडे या, बघा. बारका दात नाहीये.

वडील : अरे देवा! रक्त आहे हे. पोरी, काय केलंस?

मुलगी : काल तुम्ही आईला म्हणालात ना, एकच कमी पडतोय म्हणून. गाडीच्या पेटीतली पकड घेतली.

वडील : अगं, मला एक हाक तरी मारायचीस!

मुलगी : तुम्ही रडला असतात.

डॉक्टर : तो दात कुठाय? मला सांग पटकन. कधीकधी परत बसवता येतो.

वडील : बोल बाळ, कुठे ठेवलायस? मी आत्ता घरी जाऊन आणतो.

मुलगी : कचऱ्यात टाकला. सकाळीच गाडी येऊन गेली. मला वाटलं, आता नवाच येणार.