हाक मारली तर

नव्या विद्यापीठात प्रवेशाच्या रांगेत माझ्यापुढे बापलेक उभे होते.

"अजून सांगतो, लांबच्या शहरात जा."

"शिकायचंय ते आता इथेच मिळतंय, मग घर कशाला सोडू?"

"घर जवळ आहे हीच तर पंचाईत. बोट धक्क्याला लागली की मी तुला हाक मारणार. माझी सवय मला ठाऊक आहे."

"मारा की. मी वर्गातून उठणार नाही."

"बोलायला सोपं आहे, चिमणे. आजवर एका हाकेत धावत आलीस."

"मग बघा मारून."

खिडकीशी तिचा नंबर आला. बाप दारापर्यंत जाऊन ओरडला, "चिमणे, बोट लागली गं! मासळी उतरवायचीय, चल लवकर!"

तिच्याखेरीज सगळी रांग वळली.

"सर," ती खिडकीत म्हणाली, "सकाळचे वर्ग किती वाजता सुरू होतात?"