सुनेला पुसून टाक

चार महिन्यांच्या मुलीचा पासपोर्टचा फोटो काढायला मी स्टुडिओत थांबले होते. ती वेळेवर डोळे उघडेल ना, हीच धास्ती. पुढे एक काकू स्टुडिओवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसल्या होत्या.

"हिला पुसून टाक."

"सुनेला? काकू, फॅमिली फोटो आहे ना?"

"म्हणूनच. वेगळी चूल मांडलीय बाईसाहेबांनी."

"पुसली. पण आता नातू हवेत लटकला बघा. तिच्याच मांडीवर होता."

"मग माझ्या मांडीवर ठेव."

"ठेवला. घ्या, आजीचा लाडका!"

"अरे, पण हा बघतोय कुठे?"

"आईकडे बघत होता. आता भिंतीकडे."

"भिंतीकडे बघून हसायला वेड लागलंय का पोराला? मान वळव त्याची माझ्याकडे."

"वळवतो की. पण हसरा चेहरा कुठून आणू? तुमच्याकडे बघून हसतानाचा एखादा फोटो द्या."

काकू बराच वेळ मोबाईल चाळत राहिल्या.

"माझ्याजवळ असला की भोकाडच पसरतो मेला."

"मग काय करू?"

"काय करतोस! आण तिला परत. आणि हे बघ, आहे तशीच आण. बारीकबिरीक केलीस तर याद राख!"