बसून काम

...नाही हो, गुडघ्यांचं नंतर विचारा, आधी त्या खुर्चीचं ऐका! बावीस वर्षं वॉर्डात उभी राहिले मी, तुम्हाला सांगते, उभ्याने चहा, उभ्याने जेवण, एकदा तर सलाईनचा स्टँड धरून उभ्याने डुलकीसुद्धा काढली, आणि शेवटी गुडघ्यांनी हात टेकले. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, उभं राहणं बंद, नाहीतर वर्षभरात काठी." म्हणून अर्ज केला, समन्वय विभागात. म्हणजे काय, तर घरी गेलेल्या पेशंटांना फोन करायचे, गोळ्या घेतल्या का, तपासणीला कधी येताय, एका डॉक्टरचं दुसऱ्याच्या कानावर घालायचं... तिथल्या मुख्य मॅडम म्हणाल्या, "बसून काम आहे!" आमचे हे म्हणाले, "मजा आहे बुवा, बसून काम!" नणंद म्हणाली, "वहिनी, वजन वाढेल हं!" अगं वाढू दे बाई, पण मला बसू दे!

आणि खुर्ची! फिरणारी, पाठीला उशी! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. बसले... बसतेय तोच कळलं की फाइली तिसऱ्या मजल्यावर, रिपोर्ट तळमजल्यावर, आणि डॉक्टर? ते फोन उचलत नाहीत, त्यांना जिन्यातच गाठायचं. म्हणे बसून काम!

तरी म्हटलं, चालायचंच. मग परवा सकाळी हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतल्या आजोबांना फोन केला. एकटेच राहतात.

"आजोबा, ब्लडप्रेशरची गोळी घेतली?"

"घेतल्या की, तिन्ही!"

"तिन्ही? एकच आहे ना?"

"छे! हृदयवाल्याची पांढरी, किडनीवाल्याची गुलाबी, आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची पिवळी. कुणाला वाईट वाटायला नको! फक्त जरा... भिंत हलतेय."

अहो, एकच औषध! तीन कंपन्यांचं, तीन डॉक्टरांनी दिलेलं, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही! मी ओरडले, "आडवे व्हा, उठू नका!" ॲम्ब्युलन्स सांगितली आणि सुटले. आजोबांचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट? बंद! ती कधी चालू असते? गुडघे बोंबलताहेत, मी बोंबलतेय, शेजारीण किल्ली शोधतेय. आत आजोबा जमिनीवर पांढरेफटक. पाय उचलून उशीवर ठेवले, आणि भीती वाटली हो, खरंच. ते डोळे उघडून काय म्हणाले असतील? "सिस्टर, बसा ना."

वाचले. परवा घरी येतील. तिन्ही डॉक्टरांना एका खोलीत उभं करून मी गोळ्यांची एकच यादी लिहून घेतली, ते उभे, मी उभी.

काल मॅडमनी बोलावलं. म्हटलं, आता बोलणी बसणार, फोन सोडून पळाले म्हणून. तर म्हणाल्या, "सिस्टर, कमाल केलीत! आजपासून सगळ्या पेशंटांच्या घरी जाऊन गोळ्या तुम्हीच तपासायच्या."

"आणि मॅडम, ते बसून काम?"

"आहे ना! खुर्ची तुमचीच."

आहे हो. आता रोज सकाळी तिच्यावर पर्स ठेवायची आणि निघायचं. निदान पर्सला तरी आराम!