चांदणीला यात्रेला नेऊ नका

नाही नाना, काल रात्री जे म्हणालात तेच आज सकाळी म्हणालात, आणि आता सत्काराची शाल अंगावर घेऊनही तेच म्हणालात. तरी मला ते पटत नाही. घोडीचा कुठे निरोप समारंभ असतो?

माफ करा, घरचं भांडण आधी तोंडातून निघालं. समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भाईदास आबा, आपलं टॉकीज आज फुकट देणारे लीलाधर शेठ, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, बाल्कनीतल्या माझ्या आयाबहिणी आणि खाली शिट्ट्या मारणारे दोस्त, सगळ्यांना नमस्कार. मी निंबा नानांचा धाकटा मुलगा उखर्डू. सहावीतून शाळा सोडली, एका जागी कधी टिकलो नाही, आता बंगळूरला शर्यतीच्या तबेल्यात घोडे सांभाळतो. भाषणाची सवय नाही, सांभाळून घ्या.

आत्ता आपण पाहिला तो सिनेमा खऱ्या घोड्यावरचा आहे. कमांडर नावाचा पांढरा घोडा, शर्यतीत कोणाकडून हरला नाही. आजोबांनी नातवाला मांडीवर घेऊन बघावा असा सिनेमा; कुठे मान खाली घालायची पाळी नाही. पण कमांडर तर केव्हाच देवाघरी गेला. मग पडद्यावर पळालं कोण? आमची चांदणी. वरातीची घोडी. इथे बसलेल्या अर्ध्या नवरदेवांना तिनंच मारुतीच्या पाराशी नेलं आहे. खोटं असेल तर हात वर करा.

पंच्याऐंशी साली सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारात, सिनेमावाल्यांनी तिला हेरली. नाना, मी आणि ती, तिघं पुण्याला गेलो. शूटिंगला शर्यतीच्या मैदानावर पाहुण्यांसाठी बँड लावलेला. बाकीचे घोडे सुटले, आणि चांदणी बँडपुढे थांबून नाचायला लागली. डायरेक्टर साहेब ओरडतात, नाना लगाम ओढतात, ही आपली दोन पाय वर. असं तीनदा झालं. नाना म्हणाले, "चाल घर, आब्रू गई." तेवढ्यात उन्हाला कंटाळून बँडवाले सरकत सरकत शर्यत संपते त्या खांबाजवळच्या मांडवात गेले आणि तिथून वाजवायला लागले. मग काय विचारता? बाकीचे घोडे चाबकानं पळाले, चांदणी नवरदेव खोळंबला म्हणून पळाली. तुम्ही टाळ्या वाजवल्या तो हाच सीन.

आता मूळ मुद्दा. या गुरुवारी नाना चांदणीला पुन्हा सारंगखेड्याला नेणार आहेत, विकायला. म्हणतात, "तिना गुडघा गया, मना बी गया. तू बी पयी गया. आते तिले कोण देखी?" मी तर बंगळूरला पळालो, मग तिला बघणार कोण, हा प्रश्न खोटा नाही. पण अठरा वर्षांची लंगडी घोडी कोण कशाला घेतो, हे इथल्या माणसांना मी सांगायला हवं का? विटांच्या गाडीला जुंपतील, दुसरं काय.

सिनेमात कमांडरचा पाय दुखावतो, व्यापारी दाराशी येतो, आणि मालक म्हणतो, "धावायचा तेव्हा हा माझा होता, आता मी याचा आहे." तेव्हा टॉकीजमध्ये शेंगा फोडणारेसुद्धा थांबले. मी नानांच्या शेजारी होतो. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मी म्हटलं, काय झालं? म्हणे, "काही नही, डोयामा कचरा गया." टॉकीजमध्ये कचरा कुठून आला हो, लीलाधर शेठ?

नाना, त्या सीनमध्ये दुखावलेला कमांडर म्हणून पेंढ्यावर निजली होती ती कोण? शर्यतीचे घोडे शूटिंगच्या दिव्यांपुढे निजेनात. चांदणी निजली, कारण डोकं तुमच्या मांडीवर होतं. तुमची मांडी तेवढी कॅमेऱ्यात घेतली नाही. पडद्यावर तिला विकलं नाही म्हणून रडता, आणि गुरुवारी तिचीच दोरी धरून निघता?

सांभाळणार कोण, हे आईला कोणी विचारलंच नव्हतं. आज सकाळी मी विचारलं. आमची आई झुंबरबाई काय म्हणाली, सांगतो. "पाणी मीच दाखाडस, दाणा-चंदी मीच देस. तुम्ही बापलेक नुसता भांडतस. तू पैसा धाड, घोडीले मी संभायसू." आई वर बाल्कनीत बसली आहे, हवं तर विचारा.

तेव्हा अध्यक्षांसमोर सांगतो. आजचा निरोप वरातीच्या कामाला, चांदणीला नाही. ती मरेल तेव्हा आमच्या दारच्या चिंचेखाली मरेल. नाना, रागवायचं तर माझ्यावर रागवा, दोरी मात्र खुंटीला राहू द्या.

एक विनंती. बाहेर बँड उभा आहे, त्यांनी आज वाजवू नये. ऐकलं की ती दुखऱ्या पायानंही नाचेल.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आबांनी मध्ये घंटी वाजवली नाही, त्याबद्दल आभारी आहे. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर पोटात घाला. मी उद्याच्या गाडीनं परत जातो. दर महिन्याला मनिऑर्डर येईल, आईच्या नावानं, नानांच्या नाही. रुपये एकशे पन्नास.