धुक्याच्या दिव्यांची वायर

नाही हो, थेट बॅटरीवरून नाही जोडणार मी. दुसरीकडे न्या, दहा मिनिटांत देतील करून – दोन धुक्याचे दिवे, एक रेडिओ, मोबाइल चार्ज करायला एक पॉइंट, यात आहेच काय म्हणतील. आणि लागतीलही दिवे, झकास लागतील, तीच तर पंचाईत आहे – चुकीचं काम केलं तरी दिवे लागतातच. इकडे या, वाका जरा. ही डबी बघितलीत? हा तुमच्या गाडीचा फ्यूजबॉक्स. किती फ्यूज आहेत? दोन. अख्ख्या गाडीला दोन! ज्यांनी ही बनवली त्यांच्या डोक्यात हेडलाइट, हॉर्न, वायपर – संपलं. त्यावर आणखी तीन वस्तू लटकवायच्या म्हणजे सत्तरीच्या माणसाच्या पाठीवर पोतं देणं झालं. म्हणून मी वेगळी डबी बसवणार, इथं, या कडेला. बॅटरीपासून जाड वायर, आणि बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात, मोठा फ्यूज. मग प्रत्येक वस्तूला तिचा तिचा फ्यूज. का? दिव्याला वाचवायला? नाही, सगळ्यांना तसंच वाटतं. फ्यूज असतो वायरीसाठी. वायर तापायच्या आत त्यानं जळून जायचं, बस. आणि हे भोक दिसतंय, पत्र्यातून वायर जिथून आत जाते ते – तिथं रबराची रिंग हवी. नाहीतर पत्र्याची धार वायरीला खाते. रोज थोडी थोडी. कुणाला कळत नाही.

हळू बोलतोय होय? सवय आहे. बाहेर काउंटरवर बसल्यात ना, त्यांना ऐकू जायला नको – थोरली बहीण माझी. चौदा वर्षं झाली, पुढं ताई, मागं मी. आधी बँकेत होती ती, चांगली नोकरी, पण बँकेचा रस्ता त्या चढावरून जायचा – म्हणजे – जाऊ दे. तो टॉर्च धरा जरा. वर नको, इकडे.

भावोजींची अशीच होती गाडी. हीच बनावट, रंग तेवढा वेगळा, सायीसारखा. तुम्ही सकाळी फाटकातून आत आणलीत ना, इंजिनाचा तो खोकल्यासारखा आवाज – माझ्या हातातला पाना पडला, बघितलंत तुम्ही. हसलात. हसा हो, तुम्हाला काय माहीत. भावोजी रविवारी ती धुवायचे, ताई म्हणायची, मला कधी इतक्या मायेनं पुसलं नाहीत. एकदा भंगारबाजारातून दोन पिवळे दिवे घेऊन आले, हे एवढाले, लहान पोरासारखे नाचत आले. जुन्या गाड्यांची मिरवणूक होती दुसऱ्या दिवशी. अरे, लावून दे ना पटकन. लावले. थेट बॅटरीवरून, फ्यूजशिवाय. फ्यूज संपले होते का? नव्हते. तेच तर सांगतोय तुम्हाला. पुढच्या खणात होते, उठून दहा पावलं जायचं होतं. मी बोनेटखाली वाकलेलो, कंबर दुखत होती, आणि भावोजी डोक्यावर घाई करत होते – नाही, त्यांच्यावर ढकलत नाही मी. त्यांनी घाई केली, आळस माझा. म्हटलं, उद्यापुरतं चालवून घ्या, सोमवारी फ्यूज आणि रिंग बसवतो. सोमवारी ते आले नाहीत. मीही बोलावलं नाही. आठवण होती हो! रोज आठवण व्हायची, दाढी करताना व्हायची. उद्या, उद्या करत तीन आठवडे.

मग एक दिवस सकाळी, लख्ख ऊन, भावोजींनी ताईला बँकेत सोडलं आणि चढावर गाडीतून धूर यायला लागला. भावोजी बाहेर पडले होते. नीट ऐका, बाहेर पडले होते ते, रस्त्यापलीकडे उभे होते, पानवाल्यानं बघितलंय. पण जीव गाडीत अडकलेला. परत गेले आणि बोनेट उघडलं. आतली वायर पेटलेली, शेजारी पेट्रोलचा पाइप, आणि बोनेट उघडल्यावर वारा मिळाला. पुढचं नाही सांगत.

चार दिवस होते दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी ताई औषधं आणायला खाली गेली तेव्हा त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज असा, कागद चुरगाळल्यासारखा. म्हणाले, दिव्यांची वायर होती रे. मी पाय धरले. पायांना पट्ट्या होत्या, तेही धड धरता येईनात. म्हणाले, ताईला बोलू नकोस. तुझ्याशिवाय तिला कोण आहे आता?

तपासायला आलेल्या साहेबांनी लिहिलं, जुनी गाडी, जुनं वायरिंग. मी सही केली. ताई सगळ्यांना सांगत राहिली, माझ्या भावानं किती जपली होती हो ती गाडी. रोज दुपारी ती माझ्या ताटात वाढते, आणि मी खातो. अजूनही रस्त्यात कुठं जुनी गाडी उभी दिसली की बोनेटवर हात ठेवून बघतो, तापलंय का. लोक हाकलतात, चोर समजतात. आणि मध्येच वास येतो, इथंच, काही जळत नसताना. आत्ता येतोय? नाही ना? मला येतोय.

हे मी कुणाला बोललो नव्हतो. तुमची गाडी बघून – माफ करा. कुठं होतो आपण? मोठा फ्यूज. तो बाहेरून आणावा लागेल – हे काय? तुमच्याकडे कुठून आला? हाच हवा होता मला, नेमका हाच. ताईनं दिला? आत येताना, तुमच्या हातात? काय म्हणाली?

परत सांगा.

'तो हा फ्यूज बसवेपर्यंत तिथून हलू नका, एकट्याला जड जातं त्याला.'

असं म्हणाली? तुम्हाला म्हणाली, की – तुम्हाला इकडे पाठवणाऱ्या त्या मित्रालाही हेच म्हणाली होती? तो तर आठ वर्षांपूर्वी आला होता. हो, उभा होता तोही, इथंच, माझ्या खांद्यापाशी. सगळे उभे राहतात. मला वाटायचं, माणसांचा विश्वास नाही म्हणून राहतात. म्हणजे ताईला – इतकी वर्षं ठाऊक होतं?

टॉर्च ठेवा खाली. आज नाही होणार काम. राहू दे गाडी, परवा या. नाही, मागच्या दारानं जा. तिला सांगा – नको. काही सांगू नका. जा तुम्ही.