गेंगाणी

— नाही नाही, तुम्ही बोलूच नका. नाकात बोळे आहेत, डॉक्टरांनी तंबी दिलीय, सकाळी ऐकलं मी. नुसती मान हलवा. माझा नंबर यायचाय अजून, पलीकडच्या कॉटवर बसवेना, म्हणून आले तुमच्याकडे — चालेल ना? तुमचं ऑपरेशन काल झालं, माझंही तेच, आज. तो फोटो तुम्हालाही दाखवला असेल — डोकं मधोमध कापल्यासारखा? मला वाटायचं, नाक म्हणजे हे पुढे दिसतं तेवढंच. तर ते पार टाळूवरून घशापर्यंत गेलेलं, आत एकाखाली एक तीन फडताळं, आणि गालांत, कपाळात, डोळ्यांच्या मधे नुसत्या पोकळ खोल्या. काळं दिसतं ती हवा, म्हणाले. माझ्यात काळं कुठे आहे? कुठेच नाही. सगळं करडं. आत कोंब वाढलेत, खोल्या गच्च. आवाज घुमतो तो म्हणे आतल्या या मोकळ्या जागेतच, म्हणून ती मोकळी केली की आवाज सुटेल, हा गेंगाणेपणा जाईल. डॉक्टर हसून सांगत होते. मी विचारलं, जायलाच हवा का? त्यांना वाटलं, थट्टा करतेय.

थट्टा कसली. आई चेहरे ओळखत नाही हो आता. मला समोर बघून कधी वहिनी म्हणते, कधी नर्सबाई. पण मी तोंड उघडलं की — आली का माझी गेंगाणी. तेवढं एक उरलंय. धाकटी बहीण येते, गोड बोलते, तर आई तिला पाहुणीसारखं पाणी विचारते. आणि नाक मोकळं असतं तर तुझा आवाज अगदी धाकटीसारखा, हे आईच मला म्हणायची पूर्वी. मागे काय केलं धाकटीनं — नाक चिमटीत धरलं आणि माझ्यासारखी बोलली. आई लागली की तिच्या गालावरून हात फिरवायला. ती बिचारी रडत होती, आणि मी म्हटलं, खबरदार परत असं केलंस तर. माझी सख्खी बहीण — हे मी तुम्हाला का सांगतेय? जाऊ दे.

नको करायला म्हणावं, तर परवा आईनं गॅसचं बटण फिरवून ठेवलं, पेटवलाच नाही. मी तिथेच भाजी चिरत बसलेले, मला वास कसला येतोय. शेजारीण धावत आली म्हणून निभावलं. तेव्हा करायलाच हवं. कळतंय मला, कळतंय हो — थांबा, फोन. धाकटीचा. आज आईपाशी तीच आहे.

दे तिला. — आई? मी. काही नाही गं, सहज. जेवलीस? — हो. — हो, येते ना. — काय? — बरं. करते. आजच करते.

आईनं ओळखलं हो, ताई. लगेच ओळखलं. आणि म्हणाली काय — केवढं गं चोंदलंय तुझं नाक, दाखव की कुणाला तरी, तुझी धाप ऐकून माझ्या जिवाला घोर लागतो.

आली वाटतं ट्रॉली. माझीच. — हो, येते, सिस्टर, चालतच येते. तुम्ही माझ्याकडे बघू नका, ताई. भिंतीकडे तोंड करा, नुसता हा आवाज ऐकून ठेवा.