लावणीच्या दिवशीचा पेपर

शिल्पा : आये, परत सांगते. मोजता येतात ते मेनी. माणसं, बैल, रोपं. मोजता येत न्हाई ते मच. पाणी, दूध, तांदूळ.

केशर : पाणी मोजत न्हाईत? जल्मभर घागरी मोजत आले मी!

शिल्पा : घागरी मेनी. आतलं पाणी मच.

केशर : आणि तांदळाला दाणे हायत की गं.

शिल्पा : असू देत. इंग्रजीत कुणी दाणे मोजत बसत न्हाई.

केशर : शहाणे हायत. बरं. मेनी बैल, मच तांदूळ. जमलं बघ.

येसाजी : झाली का मायलेकींची शाळा? उद्या आपली सावड हाय. अख्ख्या वाडीच्या बाया आपल्या शेतात लावणीला येणार, आणि घरची बाईच परीक्षेला पळणार?

केशर : पळत न्हाई. सांगून चाललेय. दहावीचा हा इंग्रजीचा एकच पेपर राहिलाय. बाकीचे सगळे सुटले.

येसाजी : पुढच्या वर्षी दे की.

केशर : पुढच्या वर्षी लावणी नसणार व्हय? सासरी आले तवाबी लावणीच होती. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. आता मला राग येतोय, खरं सांगते. गणेशगुडीच्या लॉजवर मी भांडी घासते, आणि कालची पोरगी काउंटरवर बसते. मालक म्हणाला, पास हो, तुला बसवतो. मला बसायचंय तिथं.

येसाजी : त्या बायांच्या शेतात तू राबलीस, म्हणून त्या येणार. पण रोपांची पयली मूठ घरच्या बाईनं लावायची. त्याशिवाय कोण चिखलात उतरत न्हाई. ठाऊक हाय न्हवं?

केशर : ठाऊक हाय. म्हणून सोनियाक्काला इचारून आले. सावडीत तीच थोरली. ती म्हणाली, बाई नसंल तर घरच्या कुणीबी लावावी.

येसाजी : म्हंजे शिल्पानं?

शिल्पा : माझं कॉलेज हाय, बाबा.

येसाजी : मग उरलं कोण?

केशर : तुमी.

येसाजी : बाप्या माणसानं लावणी करायची? नांगर माझा, रोप तुझं, असंच चालत आलंय. मेनी लोक हसतील!

शिल्पा : बाबा, एकदम बरोबर बोललात!

येसाजी : गप गं तू.

केशर : हसू देत. उद्या सकाळची जोयड्याची बस मी धरणार. तुमी नका लावू मूठ. बाया बांधावर उभ्या राहू देत, सावड मोडू दे, वाडी मला नावं ठेवू दे. मी पेपर लिवणार म्हंजे लिवणार.



येसाजी : एका जागी रोपं किती लावायची?

केशर : तीन-चार. लई खोल दाबू नका.